ढाबळी चौदा, थवे त्रेसष्ट : एका कबूतर क्लबचं प्रकरण

कबुतरांच्या शर्यतीचा छंद वाढतोय की संपत चाललाय, हा प्रश्न आमच्या क्लबमध्ये तीन वर्षं गाजला. त्यावर आम्ही दोन निर्णय घेतले. पहिला चुकला. दुसरा अर्धा जमला. मी त्या काळात क्लबचा चिटणीस होतो, त्यामुळे यातला बराच दोष माझ्याकडे येतो. क्लब अजून चालू आहे, म्हणून शहराचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकच्या सीमेजवळ, यंत्रमागांचं एक शहर. इथे कबुतरं दोन प्रकारांनी उडवली जातात. गिरेबाज कबूतर आपल्याच ढाबळीवर, म्हणजे छपरावरच्या कबुतरांच्या घरावर, घिरट्या घालत तासन्‌तास वर राहतं. त्याची स्पर्धा उन्हाळ्यात, किती वेळ हवेत राहिलं यावर. होमर कबूतर लांब नेऊन सोडायचं आणि ते घरी परततं. त्याची शर्यत दिवाळीनंतर सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते. पावसाळ्यात पिसं झडून नवी येत असतात, तेव्हा होमरला हात लावायचा नाही. आमचा क्लब होमरवाल्यांचा. नव्वदच्या दशकात एक जॉबर (माग दुरुस्त करणारा), एक शिंपी, दोन मागवाले आणि एक रिक्षावाले अशा पाच जणांनी तो सुरू केला.

आमची शर्यत दक्षिणेकडून घरी. आधी निपाणी, मग बेळगाव, मग हुबळी आणि शेवटी दावणगेरे, म्हणजे सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आसपास. आदल्या संध्याकाळी सगळ्यांची कबुतरं क्लबवर आणायची, पायात शर्यतीचं कडं घालायचं, बास्केटमध्ये भरायची, टेम्पो रात्री निघतो आणि पहाटे महामार्गाकडेच्या एखाद्या मोकळ्या माळावर सगळी एकदम सोडतात.

नव्या माणसाला वाटतं, आधी पोचलं ते जिंकलं. तसं नसतं. प्रत्येक ढाबळीचं अंतर वेगळं मोजलेलं असतं आणि निकाल मिनिटाला किती मीटर यावर लागतो. एकाची ढाबळ हुबळीपासून १६५.२ किलोमीटरवर असेल आणि कबूतर १६५ मिनिटांत आलं, तर वेग मिनिटाला १,००१ मीटर. दुसऱ्याची ढाबळ १६८.७ किलोमीटरवर असेल आणि कबूतर १६८ मिनिटांत आलं, तर १,००४ मीटर. तीन मिनिटं उशिरा उतरलेलं कबूतर पहिलं येतं. ही आकडेमोड आमच्या क्लबमध्ये सातवी शिकलेले चाचा तोंडी करायचे.

माग आणि कबूतर ही जोडी फक्त आमच्या गावाची नाही. बेल्जियम, उत्तर फ्रान्स, इंग्लंडचा उत्तर भाग, जर्मनीतलं रूर खोरं, जिथे जिथे हा छंद रुजला तिथे तो विणकरांचा आणि खाणकामगारांचा होता. जर्मनीत शर्यतीच्या कबुतराला गरिबाचा शर्यतीचा घोडा म्हणत आले आहेत. बारा तास एका जागी उभं राहून काम करणाऱ्या माणसाला घराच्या छपरावर ठेवता येईल आणि तीनशे किलोमीटर धावेल असा दुसरा कोणता प्राणी आहे?

अडचण

जून २०२३ ची वार्षिक सभा. खजिनदारांनी हिशोब वाचला. पाच वर्षांत प्रवेश फी वाढली होती, शर्यतीत उतरणारी कबुतरं वाढली होती, बक्षिसं वाढली होती. "छंद मेला म्हणणाऱ्यांनी वही बघावी," असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

त्याच सभेत शेवटी चाचा उठले. वय सत्तरच्या पुढे. त्यांनी आपली वेताची जुनी बास्केट टेबलावर ठेवली. "ये क्लब के काम आयेगी. माझं घर बिल्डरला गेलं. नव्या इमारतीत गच्ची सगळ्यांची आहे, म्हणजे कुणाचीच नाही." त्यांची उरलेली अकरा होमर त्यांनी वाटून टाकली होती. म्हातारा माणूस डोळे पुसत नव्हता, सरळ सांगत होता, ते जास्त लागलं.

घरी येऊन मी जुन्या वह्या काढल्या. २००८-०९ च्या हंगामात एकेचाळीस ढाबळी होत्या आणि मोठ्या शर्यतीला तीनशेच्या आत कबुतरं. २०२२-२३ मध्ये चाचांची धरून ढाबळी पंधरा, आता चौदा, आणि कबुतरं पावणेचारशे. त्यातली दोनशेच्या वर फक्त तीन ढाबळींची. खजिनदार खोटं बोलत नव्हते. ते कबुतरं मोजत होते, मी छपरं मोजत होतो.

हे चित्र आमच्यापुरतं नाही हे तेव्हाच वाचनातून कळलं. बेल्जियममध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर दोन लाखांहून जास्त लोक कबुतरं पाळून शर्यत खेळायचे; आता जेमतेम दहावा हिस्सा उरलाय. ब्रिटनमधल्या सगळ्यात मोठ्या संघटनेची सभासदसंख्या तीन दशकांत निम्म्याहून जास्त घटली. आणि त्याच बेल्जियममधली न्यू किम नावाची दोन वर्षांची मादी नोव्हेंबर २०२० मध्ये लिलावात १६ लाख युरोला गेली, तेव्हाच्या दराने सुमारे १४ कोटी रुपये. घेणारा चीनमधला. त्याच्या आदल्या वर्षी आर्मांडो नावाचा नर साडेबारा लाख युरोला गेला होता, तोही चीनमध्येच. बातमी वाचणाऱ्याला वाटतं केवढी भरभराट! कबूतर महाग होतंय आणि गल्लीतली ढाबळ बंद पडतेय, दोन्ही एकाच वेळी, हे त्या बातमीत नसतं.

समोर असलेले पर्याय

ऑगस्टपर्यंत आमच्यापुढे चार रस्ते होते.

शेजारच्या मोठ्या शहरातल्या क्लबमध्ये विलीन व्हायचं, हा पहिला. तो लगेच मागे पडला, कारण अंतर मोजायला आणि कबुतरं भरायला प्रत्येक वेळी तिकडे जावं लागलं असतं.

दुसरा, एका बाहेरच्या उद्योजकाचा प्रस्ताव. एकच मोठी ढाबळ बांधायची, सगळ्यांनी महिन्या-सव्वा महिन्याची पिल्लं तिथे द्यायची, पगारी माणूस ती वाढवणार आणि सगळी एकाच घरी परतणार. दक्षिण आफ्रिकेत आणि थायलंडमध्ये अशा शर्यती मोठ्या प्रमाणावर होतात. यात फायदा खरा आहे: कुणाचं घर वाऱ्याच्या बाजूला, कुणाचं डोंगराआड, ही तक्रार उरत नाही, आणि ज्याला गच्ची नाही तोही खेळू शकतो. पण मग सकाळी साडेपाचला दाणा कोण टाकणार? पगारी माणूस. आभाळाकडे डोळे लावून कोण बसणार? कुणीच नाही, निकाल मोबाइलवर येणार. मला तो प्रस्ताव तेव्हाही नको होता आणि आजही नको आहे. तरी ज्यांनी हात वर केले त्यांना मी चूक म्हणणार नाही. चाचा त्यांच्यात होते.

तिसरा, बक्षीस मोठं करायचं, प्रायोजक आणायचा, एका ढाबळीला कितीही कबुतरं उतरवायची मुभा द्यायची. खजिनदारांचा हा आग्रह.

चौथा, एका तरुण सभासदाने सुचवलेला: क्लबच्या बाहेर कोण कबुतरं पाळतंय ते आधी बघू. त्याला सगळे म्हणाले, "बाहेर कोण असणार? असते तर आले नसते का?" मीही हेच म्हणालो.

पहिला निर्णय

तिसरा पर्याय बहुमताने मंजूर झाला. २०२३-२४ चा हंगाम दणक्यात सुरू झाला. एका स्थानिक व्यापाऱ्याने मोटारसायकल लावली. निपाणी आणि बेळगावच्या शर्यतींत दोन मोठ्या ढाबळींनीच पहिले दहा नंबर नेले. चाळीस-पन्नास कबुतरं उतरवणाऱ्यासमोर चार कबुतरांचा माणूस टिकत नाही, हे आम्हाला आधीच कळायला हवं होतं. हुबळीच्या वेळी घड्याळावरून भांडण झालं. एका सभासदाच्या मशीनने नोंदवलेली वेळ दुसऱ्याला पटेना.

बक्षीस वाढलं की वेळेवर संशय येतो, हे जगभर दिसलंय. २०१७ मध्ये चीनमध्ये शांगचिउ ते शांघाय अशा लांब पल्ल्याच्या शर्यतीत दोघांनी आपल्या कबुतरांना सुटण्याच्या गावातलीही एक ढाबळ सवयीची करून ठेवली होती. सोडल्यावर कबुतरं तिथेच उतरली, त्यांनी ती दुधाच्या खोक्यांत लपवून बुलेट ट्रेनने शांघायला नेली. वेळ इतकी अशक्य होती की पकडले गेले, पुढच्या वर्षी शिक्षा झाली. आमच्याकडे कुणी असं काही केलं नाही. पण ज्या क्लबमध्ये "माझं आलं रे" असा फोन आला की तोच पुरावा धरायचे, तिथे माणसं एकमेकांच्या गच्चीवर जाऊन उभी राहू लागली.

आणि मग मार्च २०२४ मधला तो रविवार.

दावणगेरेची शर्यत. तीनशे सत्तेचाळीस कबुतरं. संध्याकाळी सहाला बक्षीस समारंभ ठरलेला, मंडप घातलेला, पाहुण्यांचे फोटो असलेला फलक चौकात लागलेला. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी टेम्पोवाल्या दादांचा फोन आला. ते पंधरा वर्षं आमची कबुतरं सोडतायत.

"साहेब, इथं बरं हाय, पण धारवाडच्या अंगाला आभाळ काळं दिसतंय. कालच्याला तिकडं अवकाळी झालाय म्हणं. वारं बी समोरनं. आज ऱ्हाऊ द्या."

"उद्या सोडली तर?"

"उद्या सोडू की. दाणा-पाणी हाय गाडीत."

मी अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, पाहुणे निघालेत. खजिनदारांना विचारलं. ते म्हणाले, थोडं थांबा आणि सोडा. आम्ही तिघेही पावसाचा अंदाज मोबाइलवर बघत होतो आणि आम्हाला जे हवं होतं तेच त्यात वाचत होतो. सात वीसला मी फोन करून सांगितलं, "सोडा दादा."

होमर सूर्यावरून दिशा धरतं, पृथ्वीचं चुंबकत्व आणि वाराही त्याच्या उपयोगी पडतो असं अभ्यासक मानतात. ते काहीही असो, काळ्या ढगात आणि पावसात ते भरकटतं, खाली बसतं, आणि खाली बसलेल्या कबुतराला मांजर, शिक्रा, तार, भूक, सगळंच गाठतं. नेहमीच्या वेगाने बारा-साडेबाराला पहिलं यायला हवं होतं. दोन वाजले, आभाळ रिकामं. तीन वाजून चाळीस मिनिटांनी पहिलं उतरलं, पंख ओले, छाती चिखलाने भरलेली. अंधार पडेपर्यंत अठ्ठावन्न आली. पुढच्या दहा दिवसांत आणखी एकाहत्तर, काही लंगडत, एक धनगराने पाठवलेलं. बाकीची दोनशेच्या वर गेली ती गेलीच.

समारंभ झाला. मोटारसायकलही दिली. एक दहावीतला मुलगा होता, त्याची चार कबुतरं होती आणि चारही त्या शर्यतीत. तो रात्री साडेनऊपर्यंत पत्र्यावर बसून होता, त्याची आई मला फोन करून सांगत होती, "काका, तुम्ही सांगा त्याला खाली यायला. तो आमचं ऐकत नाही." मी गेलो. काय बोलावं ते सुचलं नाही. त्याने विचारलं, "काका, आभाळ होतं ना तिकडे? तुम्हाला माहीत होतं ना?"

मी हो म्हणालो.

आकाशाची मोजणी

एप्रिलमध्ये क्लब जवळजवळ बंद पडला. त्या वेळी चौथ्या पर्यायवाला तरुण पुन्हा आला आणि म्हणाला, एकदा मोजून तर बघू. मला त्याला नाही म्हणण्याचा अधिकार उरला नव्हता.

पद्धत त्यानेच शोधली. शहरात सगळ्यात उंच तीन जागा: पाण्याची टाकी, एका सातमजली इमारतीची गच्ची, एका दवाखान्याची गच्ची. मे महिन्यातले तीन रविवार, पहाटे सव्वासहा ते साडेआठ, तिन्ही ठिकाणी एकेक माणूस, दुर्बीण आणि वही. थवा उठला की कुठून उठला आणि कोणत्या छपरावर उतरला ते नकाशावर लिहायचं. रानटी पारवेही थव्याने उडतात, पण पाळलेला थवा घिरट्या घालून त्याच छपरावर परत येतो, आणि खालून शिट्टी किंवा फडकं हलवणारा माणूस दिसतो. दोन रविवारी दिसला तरच धरायचा.

मी टाकीवर होतो. पंचेचाळीस वर्षं या शहरात काढून मला माहीत नव्हतं की सकाळी साडेसहाला त्याच्यावर एवढे पंख असतात. झोपडपट्टीच्या बाजूला, बंद पडलेल्या मागांच्या शेडवर, रेल्वेच्या पलीकडे. तिन्ही वह्या जुळवल्यावर छपरं भरली त्रेसष्ट. आमची त्यात चौदा.

उरलेल्या एकोणपन्नासांपैकी अडतीस घरी आम्ही गेलो. बहुतेक मुलं पंधरा ते पंचविशीतली. मागावर काम करायला ओडिशातून, उत्तर प्रदेशातून, विजापूरकडून आलेल्यांची मुलं त्यात पुष्कळ. आठवडी बाजारातून जोडी घ्यायची, बाकी सगळं यूट्यूबवरून शिकायचं. जास्त करून गिरेबाज, पण एक तृतीयांश घरांत होमरही होते. ओडिशाच्या एका मुलाने अभिमानाने सांगितलं, "हमारे यहाँ तो पुलिस के पास कबूतर थे." खरं आहे ते. ओडिशा पोलिसांनी १९४६ मध्ये कोरापुटपासून कबुतरांची टपालसेवा सुरू केली, १९८२ चा पूर आणि १९९९ चं चक्रीवादळ या दोन्ही वेळी ती उपयोगी पडली, आणि २००८ मध्ये ती सेवा म्हणून थांबवली. कटकला ती कबुतरं पुढेही जपून ठेवली गेली. आमच्या क्लबमध्ये हे एकालाही माहीत नव्हतं.

तीन घरी ढाबळ बायका सांभाळत होत्या. त्यातली एक आमच्याच सभासदाची बायको निघाली. चौदा वर्षं नंबर त्यांच्या ढाबळीला येत होते, पिल्लांना कडं त्या घालत होत्या (सातव्या-आठव्या दिवशी घातलं नाही तर नंतर पाय त्यात जात नाही), कोणत्या मादीला अंड्यावरून उठवून शर्यतीला न्यायचं ते त्या ठरवत होत्या, आणि वहीत नाव नवऱ्याचं. मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही कधी बोलला नाहीत." त्या म्हणाल्या, "तुम्ही कधी वर आला नाहीत, भाऊजी. खालीच चहा घेऊन जायचात."

मुलांना विचारलं, क्लबमध्ये का येत नाही? तिथे मोठ्या लोकांची कबुतरं असतात. फी परवडत नाही. वेळ नोंदवायचं मशीन कुठून आणायचं? क्लबचं कडं नसेल तर घेत नाहीत. आणि एक कारण जे कुणी सरळ बोलत नव्हतं: घरात कबुतरबाज हा शब्द वाया गेलेल्या पोरासाठी वापरतात, मग क्लबमध्ये नाव घालून त्याची जाहिरात कशाला?

चौकशीचा दुसरा भाग जुन्यांचा. २००८ नंतर बंद झालेल्या सत्तावीस ढाबळींपैकी तेवीस घरी पोचलो. काही माणसं वारली होती. नऊ घरं पाडून इमारती झाल्या. पाच जणांचे माग गेले आणि सकाळची वेळ नोकरीत गेली. तिघांना शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे बंद करावं लागलं. कंटाळा आला म्हणून सोडलेले फक्त दोन. तेवीसात दोन. हा आकडा मी सभेत दोनदा वाचून दाखवला.

दुसरा निर्णय

जुलै २०२४ च्या सभेत ठरलं ते असं. एका शर्यतीला एका ढाबळीची जास्तीत जास्त आठ कबुतरं. फी नाममात्र, बक्षीस म्हणून ढाल आणि दाण्याचं पोतं. मशीन सक्तीचं नाही. पायातल्या रबरी कड्याच्या आतल्या बाजूला लपलेला आकडा, कबूतर उतरलं की कडं काढून आकड्याचा मेसेज करायचा. सोडायचं की नाही याचा शेवटचा शब्द टेम्पोवाल्या दादांचा, आणि शर्यतीच्या दिवशी कोणताही समारंभ नाही. गिरेबाजाची उन्हाळी स्पर्धाही क्लबच्या वेळापत्रकात. सभासद म्हणून ढाबळ सांभाळणाऱ्याचं नाव.

आठच्या मर्यादेवर खूप वाद झाला. मोठ्या ढाबळीवाल्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. ते म्हणाले, पन्नास उतरवली तर कोणता वंश टिकतो ते कळतं, आठमध्ये नशीब जास्त. आम्ही बाहेरून चांगलं रक्त आणलं म्हणून सगळ्या शहराची कबुतरं सुधारली. हे खरं आहे. चाचांच्या ढाबळीतले निम्मे पक्षी या मोठ्या ढाबळीवाल्यांच्याच जोड्यांतून आलेले. माझं उत्तर एवढंच होतं की शर्यत खेळायला दुसरा माणूस उरला नाही तर सुधारलेलं कबूतर कुणाशी लढणार? मर्यादा दोन मतांच्या फरकाने मंजूर झाली. खजिनदारांनी त्याच रात्री राजीनामा दिला.

आणि सामाईक ढाबळ. औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद मागांच्या शेडची गच्ची मालकाने नाममात्र भाड्याने दोन वर्षांसाठी दिली. ज्यांना छप्पर नाही अशांसाठी लाकडी फळ्या आणि जाळीचे बारा कप्पे. यात आम्ही एका गोष्टीवर हट्ट धरला आणि तो योग्य होता: कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर काहींच्या फुफ्फुसाला कायमची इजा होते. म्हणून मास्कशिवाय आत जायचं नाही, कोरडा झाडू मारायचा नाही, आधी पाणी शिंपडायचं, दम्याच्या मुलाला आतलं काम द्यायचं नाही. लासोटाची, म्हणजे राणीखेत रोगाविरुद्धची, लस सगळ्या पक्ष्यांना एकाच दिवशी. चाचा रोज सकाळी तिथे येऊ लागले. त्यांची स्वतःची दोन होमर पुन्हा त्यांच्या हातात आली.

निकाल

२०२४-२५ च्या हंगामात एकतीस ढाबळी उतरल्या. मोठ्या शर्यतीला कबुतरं एकशे नव्वद, म्हणजे आधीच्या जवळजवळ निम्मी. क्लबच्या पैशांत तूट आली. ती आम्ही सात जणांनी भरली, दरवर्षी ते जमणार नाही. मोठ्या तीनपैकी दोन ढाबळी दुसरीकडे एकाच ढाबळीच्या शर्यतींना पिल्लं पाठवतात, आमच्याकडे येत नाहीत. दादांनी दोन वेळा शर्यत एक दिवस पुढे ढकलली आणि एक रद्द केली. रद्द केली त्या दिवशी इकडे लख्ख ऊन होतं आणि मुलं चिडली होती. दुसऱ्या दिवशी तिकडच्या पावसाच्या बातम्या आल्या.

परतणाऱ्या कबुतरांचं प्रमाण सुधारलं, तरी जानेवारीत नायलॉनच्या मांजाने सहा पक्षी कापले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली आहे. दुकानात तो अजून मिळतो.

सामाईक ढाबळीत बारा मुलं आली होती, वर्षाने चार राहिली. ती चार रोज येतात. दावणगेरेत चारही कबुतरं गेलेला मुलगा त्यांत नाही. तो आता आयटीआयला आहे, मी दोनदा विचारलं, त्याने दोन्ही वेळा नम्रपणे नाही म्हटलं.

मग ऑगस्ट २०२५. मुंबईतले ५१ कबूतरखाने बंद करण्याचा विषय, दादरच्या कबूतरखान्यावर टाकलेली ताडपत्री, तिथलं आंदोलन, उच्च न्यायालय, सगळं रोज टीव्हीवर. रस्त्यावर हजारो पारव्यांना दाणे टाकणं आणि कडं घातलेली, लस दिलेली वीस कबुतरं जाळीत पाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण शेजारच्या माणसाने तो फरक का करावा? त्याला नाकात जाणारी धूळ दिसते. महिन्याभरात आमच्या पाच ढाबळींविरुद्ध तक्रारी झाल्या, दोन बंद झाल्या. उरलेल्या तिघांपैकी एक त्या वहिनींची. त्यांनी शेजारच्या चार घरच्यांना गच्चीवर बोलावलं, कप्पे धुताना दाखवले, उडवण्याची वेळ त्यांच्या सोयीने बदलली. तक्रार मागे घेतली गेली. हे आम्ही क्लब म्हणून तीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं.

पुन्हा त्याच जागी बसलो तर

सगळ्यात आधी मोजणी. बक्षीस, प्रायोजक, मर्यादा, कशावरही मत घेण्याआधी पाण्याच्या टाकीवर चढलो असतो. तीन रविवार आणि तीन वह्या एवढाच खर्च होता, आणि तो करायचं सुचवणाऱ्याला आम्ही आठ-दहा महिने गप्प बसवलं.

सोडण्याचा नियम हंगाम सुरू होण्याआधी लिहिलेला असता. त्या सकाळी मी फोनवर होतो आणि आभाळ दादा बघत होते. ज्याला आभाळ दिसतंय त्याचा शब्द शेवटचा, हे आम्ही दोनशे कबुतरं गमावून शिकलो.

आठची मर्यादा मी आजही ठेवीन, पण मोठ्या ढाबळीवाल्यांसाठी वर्षातून एक खुली शर्यत ठेवली असती. त्यांना घालवायची गरज नव्हती. जर्मनीने २०२२ मध्ये शर्यतीच्या कबुतरांची परंपरा आपल्या राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, ती तिथला छंद जोरात आहे म्हणून नव्हे. सांभाळणारे कमी होत चाललेत म्हणून ती जपावीशी वाटली असणार. आमच्याइतक्या लहान क्लबने जाणती माणसं गमावणं परवडत नाही.

आणि त्या मुलाच्या पत्र्यावर मी दुसऱ्या दिवशीही जायला हवं होतं. एकदाच गेलो.

शेडचा करार येत्या उन्हाळ्यात संपतोय. मालकाला तिथे गोदाम करायचंय, त्याने आधीच सांगितलंय आणि तो बरोबर आहे. तरुण सभासद आणि चाचा मिळून रोज संध्याकाळी छपरं बघत फिरतायत. होमर एकदा जागा धरली की तिथेच परत येतं. ढाबळ हलवली तर यातल्या मोठ्या पक्ष्यांना पुढे शर्यतीला नेता येणार नाही, जोडीला ठेवून पिल्लं नव्या जागी वाढवावी लागतील. म्हणून दिवाळीनंतर घातलेल्या अंड्यांतली आठ पिल्लं आम्ही अजून बाहेर सोडलेली नाहीत. छप्पर ठरलं की ती तिथूनच पहिल्यांदा आभाळ बघतील.